कानतुटीचं टपाल

४ सप्टेंबर

प्रिय मामा,

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. गेल्या खेपेला मी फोनवर विचारलं की गुडघा कसा आहे, तर तू म्हणालास, "चांगला माणूस, परवाच येऊन गेला." तेव्हाच मी कानाला खडा लावला. महत्त्वाचं काही असेल तर तुला लिहूनच कळवायचं.

महत्त्वाचं हे, की मला तुझ्याकडून एक शिट्टी हवी आहे.

या नदीकाठच्या केंद्रात जखमी नि पोरकी जनावरं येतात आणि बरी होऊन परत जातात, हे तुला माहीत आहेच. माझ्याकडे पाणमांजरं असतात. उन्हाळ्याच्या शेवटी नावा ठेवायच्या शेडखाली एक पिल्लू सापडलं. त्याची आई रस्ता ओलांडताना गाडीखाली गेली होती. नाक कायम गळतं म्हणून मी तिचं नाव शेंबडी ठेवलं. बाटलीने दूध पाजून तिला वाढवलं, पण पुढचं मला जमण्यासारखं नाही. पाणमांजराच्या पिल्लाला पाण्याची भीती वाटते, हे मला इथे येऊनच कळलं. आई मानगूट धरून त्याला पाण्यात ओढते. कान आणि नाकपुड्या मिटून बुडी कशी मारायची, गढूळ पाण्यात काही दिसत नसताना मिशांनी मासा कसा हुडकायचा, ते सगळं तीच शिकवते.

आमच्याकडे एक मोठी मादी आहे, कानतुटी. मासेमारीच्या जाळ्यात अडकून तिचा एक कान फाटला आणि तिची पिल्लं त्याच जाळ्यात गेली. तिने शेंबडीला पदरात घेतलं तर थंडी संपल्यावर दोघींना नदीत सोडता येईल. नाही घेतलं तर नोव्हेंबर लागताच शहरातल्या मत्स्यालयाची गाडी येणार आणि शेंबडी जन्मभर काचेच्या टाकीत राहणार. केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी तसा शब्द देऊन ठेवलाय, कारण इथे जागा नाही. माझ्या जिवाला चैन नाही रे.

कानतुटी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. दोघींच्या मध्ये जाळी आहे. पाणमांजरं एकमेकांना शिट्टीसारखा आवाज काढून हाका मारतात. शेंबडी इकडून हाका मारमारून दमते आणि ती पलीकडे पाठ करून बसते. मला वाटतं, फाटक्या कानामुळे तिला ऐकू येत नसावं. तशीच पण खणखणीत शिट्टी कुणी करून दिली तर? मग तू आठवलास. आई गेल्यावर मी तुमच्या घरी आले, कपाटामागे जाऊन बसले, कुणाला जवळ येऊ देईना. तेव्हा तू शिट्टी करून वाजवलीस आणि मी बाहेर आले. ही गोष्ट तू इतक्यांदा सांगितली आहेस की आता मला ती आठवते असंच वाटतं.

आवाज कसा हवा सांगते. आपल्या स्वयंपाकघरातली किटली आहे ना, तिच्या शिट्टीहून थोडा वर.

मामीला सांग, मी वेळेवर जेवते.

तुझी
चिचुंद्री


११ सप्टेंबर

चिचुंद्रे,

पत्र पोचलं. गुडघा आणि माणूस ही काय भानगड आहे ते मला आठवत नाही. हल्ली तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस. सगळेच बोलतात. ओठ उघडायचेही कष्ट नकोत लोकांना.

किटलीच्या शिट्टीहून वर म्हणतेस, पण कुठली किटली? ती मेली कधीची बिघडली. पाणी आटून बूड करपलं तरी हूं की चूं नाही. मी नवी आणली, तर तीही मुकी. दुकानात परत घेऊन गेलो. दुकानदाराने माझ्यासमोर पाणी उकळलं आणि हात जोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी म्हटलं, "बघितलंस? नाही ना वाजत?" तो काहीतरी पुटपुटला आणि त्याने पैसे परत दिले. मला भांडायचं होतं, पण पैसे मिळाल्यावर भांडणार कशावरून?

काय चाललंय जगाचं मला कळेनासं झालंय. गल्लीतल्या चिमण्या फांदीवर बसतात, चोची उघडतात, मिटतात, चिवचिवायचं काम काही करत नाहीत.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तुझी मामी माझ्याशी बोलत नाही. लग्न झाल्यापासून तिच्या तोंडाचा पट्टा एक दिवस थांबला नव्हता, तो आता बंद. मी विचारलं, "माझं काय चुकलं ते तरी सांग." तर माझ्याकडे बघितलं, ओठ हलल्यासारखे केले आणि निघून गेली. मी खूप आठवून पाहिलं. तिचा वाढदिवस विसरलो नाही. तिच्या बहिणीला काही बोललो नाही, म्हणजे तोंडावर तरी नाही. मग राग कसला? तू बाईमाणूस आहेस, तुला काही सुचतं का बघ.

शिट्टीचं म्हणशील तर, इतकी वर्षं बँडवाल्यांची फुंकवाद्यं दुरुस्त केलेल्या माणसाला ते काय अवघड? हिशोब करून, मोडक्या बासरीचं टोक कापून पहिली शिट्टी केली. बोटाच्या पेराएवढी, देखणी. फुंकली, तर नुसती हवा. परत फुंकली, जोर लावून फुंकली, आवाजच नाही. त्याच वेळी बाईसाहेब आतून धावत आल्या, दारात उभ्या राहून माझ्याकडे बघितलं आणि परत गेल्या. कुचेष्टेनेच आल्या असणार. लाकूडच खराब, म्हणून ती मुकी शिट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि दुसरी केली, जरा लांब. ती छान बोलते. सोबत पाठवतोय.

तुझ्या त्या कानतुटीचा कान ठीकच असणार. ती रुसली आहे. रुसलेल्या बाईपुढे बहिरेपण काहीच नाही, हे अनुभवाचे बोल समज.

मामा


२२ सप्टेंबर

प्रिय मामा,

शिट्टी मिळाली. काम तुझ्या हातचं आहे हे बघताक्षणी कळतं. पण माझं डोकं पार चक्रावलंय.

मी ती वाजवली आणि कानतुटी तिच्या पिंजऱ्यातल्या तळ्यात गेली ती दुपारपर्यंत वर आली नाही. मधून फक्त नाक काढायची. शेंबडी माझ्या बादलीत शिरली आणि थरथरत बसली. पलीकडच्या पिंजऱ्यातला म्हातारा बगळा उठून उभा राहिला, तो सहसा कुणासाठी उठत नाही. मामा, ही शिट्टी किटलीसारखी नाही. लांबून येणाऱ्या बोटीच्या भोंग्यासारखी आहे. तू गंमत केलीस का? मला थोडा रागच आला, खरं सांगते. नोव्हेंबर फार लांब नाही.

एक मात्र कळलं. कानतुटी बहिरी नाही. तिच्या पाठीमागे डब्याचं झाकण पडलं तर तिने झटकन मान वळवली. म्हणजे पिल्लाची हाक तिला ऐकू येते. मी लपून पाहिलं, हाक आली की ती जाळीपर्यंत येतेसुद्धा. जाळीला नाक लावते, हुंगते, मग शिंकते आणि निघून जाते. ऐकू येतं, मग उत्तर का देत नाही? आधी नुसतं कोडं होतं, आता कोड्यात कोडं झालंय.

माझ्याकडून काही कमी पडत नाहीये. मामीची शिकवण आहे, घर आरशासारखं हवं. रोज सकाळी दोन्ही पिंजरे मी साबणाच्या पाण्याने घासते. कानतुटीला खोड आहे, काठावरच्या ठरावीक दगडांवरच ती घाण करते, आणि तीही अशी ऐटीत की जणू सिंहासनावर बसली आहे. ते दगड मी ब्रशने लख्ख करते. शेंबडीला रोज आंघोळ, तिच्या पेटीतलं पोतं रोज धुतलेलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, इतका स्वच्छ पिंजरा त्यांनी कुठे पाहिला नाही.

कानतुटी रुसली आहे असं तू म्हणतोस. कुणावर? का?

आणि मामी कशावरून रुसली? ती तर भांडण झालं तरी भांडत का होईना, पण बोलते. मामी, तू हे वाचत असशील, आणि वाचतच असशील हे मला माहीत आहे, तर मला दोन ओळी लिही.

तुझी
चिचुंद्री


२९ सप्टेंबर

चिचुंद्रे,

भोंगा? माझ्या शिट्टीला भोंगा म्हणतेस? आख्ख्या बँडमध्ये एका बासरीचा सूर केसभर उतरला असेल तर मी चहाचा कप हातात असताना सांगायचो, तो तिसरा मुलगा उतरलाय म्हणून. मी गंमत करीन? तीही तुझ्या पिल्लाच्या जिवाशी?

तुझं पत्र वाचून मी तशीच अजून एक केली आणि वाजवून बघितली. किटलीसारखीच आहे. म्हणजे जशी मला किटली आठवते तशी. आता ती वाजतच नाही तर ताडून कशाशी बघू?

इकडे प्रकरण वाढलंय. बाईसाहेब आता चिठ्ठ्या लिहितात. खरंच, घरातल्या घरात. "पाव आण." "दिवा मालव." काल चिठ्ठी आली, "दाराची घंटा केव्हाची वाजते आहे." मी म्हटलं, अगं बये, एवढं लिहीपर्यंत दार उघडून झालं असतं! ती हसली. हसली म्हणजे राग गेला म्हणावं, तर पुन्हा बोलणं नाहीच. उलट डोळे पुसल्यासारखे केले. मला या वयात या बाईचा काही थांगपत्ता लागत नाही.

खूप विचार करून माझ्या लक्षात आलं, माझ्या अंगाला लाखेचा नि जवसाच्या तेलाचा वास येतो, त्याला ती कंटाळली असेल. तुझी कानतुटी पण हुंगून शिंकून जाते म्हणालीस ना? त्यावरून सुचलं. आता मी दिवसातून तीनदा साबण लावून आंघोळ करतो. गुलाबाचा साबण आहे. कामाचे कपडे जिन्याखाली टाकून दिले. अजून फरक नाही, पण धीर सोडलेला नाही.

शिट्टी परत पाठवू नकोस. कान तपासून घे स्वतःचे.

मामा


६ ऑक्टोबर

बाळ,

तुझी पत्रं हे टेबलावर उघडीच टाकतात, त्यामुळे वाचते हे खरंच आहे. तू दोन ओळी मागितल्यास, पण दोन ओळींत भागणार नाही.

मी रुसलेली नाही. मी दिवसभर बोलत असते. ह्यांना ऐकू येत नाही.

किटली बिघडलेली नव्हती. ती वाजून वाजून दम टाकायची आणि हे शेजारी बसून पेपर वाचायचे. आधी बारीक आवाज गेले, मग हळूहळू माझा. पुरुषांचे जाड आवाज अजून थोडे कळतात, म्हणून ह्यांना वाटतं, कान ठणठणीत आहेत. मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात हे म्हणाले, "तू माझ्यावर रागावली आहेस का?" इतका बिचारा चेहरा केला होता. मला वाटलं, बायको रागावली आहे हे दुःख पुरुषाला सोसतं, सवयीचं असतं. पण ज्याने सगळा जन्म कानावर काढला त्याला कान गेले हे कसं सोसेल? म्हणून मी रुसल्याचं सोंग घेतलं. आता ते सोंग अंगाशी आलंय. कसं काढावं ते कळत नाही.

ती पहिली शिट्टी मुकी नव्हती गं. मी आत पीठ चाळत होते, ती वाजली आणि माझ्या कानात सुई गेल्यासारखं झालं. शेजारचा कुत्रा फाटकाशी येऊन उभा राहिला. मी धावत बाहेर आले, तर हे शिट्टी उलटीसुलटी करून बघत होते आणि "लाकूड खराब" म्हणत होते. डब्यातून काढून मी ती माझ्या कपाटात ठेवली आहे. तुला पाठवावी, तर उद्या तुझं पत्र येईल की शिट्टी छान वाजते, आणि हे विचारतील, कुठली शिट्टी. त्यापेक्षा नको.

अजून एक सांगते, आणि ह्यांना कळू देऊ नकोस. तू कपाटामागून शिट्टी ऐकून आली नव्हतीस. शिट्टी ऐकलीस की तू आणखी आत सरकायचीस. तुझ्या आईच्या सामानात तिचा तपकिरी स्वेटर होता, न धुतलेला. मला काही सुचेना म्हणून मी तो अंगात घातला आणि कपाटापाशी पाठ करून बसून राहिले. बोलले नाही, बोलावलं नाही. बऱ्याच वेळाने तू मागून आलीस आणि माझ्या पाठीला नाक लावून झोपलीस. तेवढ्यात हे शिट्टी फुंकत आत आले आणि म्हणाले, "बघ, आली ना!" इतके खूश झाले होते की मी काही बोलले नाही. तो हिवाळाभर मी स्वेटर धुतला नाही. बायका नाकं मुरडायच्या, मुरडोत. मला घर आरशासारखं लागतं म्हणतेस, पण तेवढा एक स्वेटर मी घाणच ठेवला होता.

आणि आता हा गुलाबाचा साबण. मी पाठमोरी असले तरी लाखेच्या वासावरून मला कळायचं की हे खोलीत आले. आता कोण आलं ते वळून बघावं लागतं. चुकल्या चुकल्यासारखं होतं. काय करू सांग.

तुझी मामी


१५ ऑक्टोबर

प्रिय मामी,

तुझं पत्र मी खाद्याच्या खोलीत पोत्यांवर बसून वाचलं आणि तिथेच बसून राहिले. माझी सगळ्यांत जुनी आठवण खोटी निघाली. मला रडू आलं, आणि रडण्यासारखं नेमकं काय आहे तेही सांगता येईना.

मग एकदम कानतुटीची शिंक आठवली.

धावत डॉक्टरीणबाईंकडे गेले. विचारलं, ती दगडांवर घाण का करते? त्या म्हणाल्या, "ते तिचं टपाल आहे. कोण राहतं, कोण येऊन गेलं, कुणाला पिल्लं आहेत, सगळं पाणमांजरं त्या वासावरून वाचतात." मी म्हटलं, मी ते रोज साबणाने धुते. त्यांनी चष्मा काढला. "रोज? मी तर आठवड्यातून एकदा सांगितलं होतं, आणि दगड सोडून!" दोष त्यांचा नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असणार, आणि मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं असणार. घासायच्या नादात होते ना!

म्हणजे बघ मामी, रोज सकाळी मी त्या बिचारीचं टपाल पुसून टाकत होते. आणि शेंबडीच्या अंगाला ना पाणमांजराचा वास, ना नदीचा. नुसता साबण. जाळीपलीकडून पिल्लाची हाक येते, आणि नाक लावून बघावं तर तिथे न्हाणीघर! तीही माझ्यासारखीच गोंधळली असणार. कान एक सांगतो, नाक दुसरंच सांगतं. विश्वास कुणावर ठेवायचा?

तेव्हापासून साबण बंद आहे. शेंबडीचं पोतं धुतलं नाही. कानतुटीच्या झाडाच्या मुळांखालच्या बिळातलं मळकं गवत काढून शेंबडीच्या पेटीत टाकलं, आणि शेंबडीचं पोतं जाळीखालून कानतुटीकडे सरकवलं. वास इतका सुटलाय की माझ्याशेजारी कुणी जेवायला बसत नाही. काल कानतुटीने ते पोतं हुंगलं. शिंकली नाही. त्यावर हनुवटी घासली आणि दातांनी ओढत बिळात नेलं.

पण याचा अर्थ काय घ्यायचा? पिल्लाचं म्हणून नेलं, की पोतं ऊबदार आहे म्हणून? जाळी उघडायची मला छाती होत नाही. परकं पिल्लू वाटलं तर ती एका चाव्यात संपवील. आणि उघडली नाही तर गाडी येतेच आहे.

मामाला सांगावं असं मला वाटतं. कसं, ते मात्र मला विचारू नकोस. मला इथे एका पाणमांजरीला साधा निरोप देता येत नाही. फक्त एवढं कर, तो साबण लपव. ते जिन्याखालचे कपडे धुऊ नकोस.

तुझी
पोर


२ नोव्हेंबर

चिचुंद्रे,

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, पण हातात पेन धरवत नव्हतं.

त्या दिवशी मी आंघोळीला गेलो तर साबण गायब. बाहेर आलो, तर माझे जुने कामाचे कपडे खुर्चीवर ठेवलेले. बाईसाहेब समोर बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात ती मुकी शिट्टी. मी म्हटलं, "ही कचऱ्यातून कशाला काढलीस?" तिने ती माझ्या हातात दिली आणि खूण केली, वाजव. मी फुंकली. काही नाही. पण चिचुंद्रे, तिने दोन्ही हात कानांवर गच्च दाबले होते. खिडकीबाहेर शेजारचा कुत्रा उभा राहिला. मी परत फुंकली. तिने डोळे मिटले. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तरी ती मान हलवत होती, वाजव, वाजव.

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. किटली, चिमण्या, दुकानदार. तो बिचारा माझ्यासमोर हात जोडून उभा होता, आणि किटली किंचाळत असणार.

मी शिट्टी खाली ठेवली. मग मी म्हटलं, "म्हणजे तू रागावली नव्हतीस?" तिने चिठ्ठी लिहिली, "आता रागावले आहे. तीनदा आंघोळ करणाऱ्या माणसावर." मला हसू येईना आणि रडूही येईना. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण तुला खरं सांगू? ती इतके महिने माझ्याशी बोलतच होती, हे कळल्यावर बरंही तेवढंच वाटलं.

कानात घालायचं यंत्र आणलंय. पहिल्या दिवशी वाटलं की घरात कुणीतरी कागद फाडतंय. ती बटाटे सोलत होती. किटली वाजली तेव्हा खुर्चीवरून पडता पडता वाचलो. आणि तुझी मामी! अगं, किती बोलते! मधूनमधून मी यंत्र काढून खिशात ठेवतो. सांगू नकोस.

पण एका गोष्टीने मी गोंधळलोय. राग निवळल्यावर तिने स्वेटरचंही सांगून टाकलं. मी इतकी वर्षं गावभर सांगत फिरलो की पोरगी माझ्या शिट्टीला आली. आता तूच सांग. शिट्टीला आली होतीस, की स्वेटरला? मला वाईट वाटेल असा विचार करू नकोस. म्हणजे वाटेल, पण सांग.

मुकी शिट्टी सोबत पाठवतोय. ती मुकी नाही, असं माहीतगार लोक म्हणतात. उशीर झाला नसला म्हणजे मिळवली.

मामा


१० नोव्हेंबर

प्रिय मामा,

गाडी आली त्याच सकाळी तुझं पाकीट आलं. सगळं नीट सांगते, कारण माझंच अजून डोकं ठिकाणावर नाही.

त्याच्या आदल्या आठवड्यात, आता दिवसच उरले नाहीत म्हणून, मी छाती करून जाळी उघडली होती. कानतुटी आली. शेंबडीला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं, उलटी करून पोटाकडून हुंगलं. मग मानगूट धरली आणि थेट तळ्यात बुडवली. मी किंचाळले. वाटलं, मारतेय. मी पाण्यात उडी टाकणार होते, डॉक्टरीणबाईंनी माझा कोट मागून धरून ठेवला. दोघी वर आल्या. शेंबडी ठसकली, ओरडली, तिने परत बुडवली. मारतेय की शिकवतेय, मला कळेना. डॉक्टरीणबाईंनाही कळत नव्हतं, पण त्या म्हणाल्या, "थांब."

नंतर दोघी बिळात शिरल्या त्या दिसेनाशाच झाल्या. मासे नाहीसे व्हायचे, पण खातं कोण, ते दिसायचं नाही. पिल्लाची हाक बंद. मी घाबरून अर्धी झाले. आणि अशात मत्स्यालयाची माणसं पेटी घेऊन दारात. त्यांनी विचारलं, पिल्लू कुठे आहे? मला सांगता येईना. ते म्हणाले, "जिवंत आहे का?" मला तेही सांगता येईना.

तेव्हा मी तुझी शिट्टी वाजवली.

मामा, हुबेहूब आहे. मुळांखालून, आतून, शेंबडीची बारीक हाक आली. लगेच तिच्याहून मोठी, खेकसल्यासारखी, कानतुटीची. ती बाहेर आली, काठावरच्या दगडावर चढली आणि आम्हा सगळ्यांदेखत त्यावर ऐटीत आपलं टपाल टाकलं. तिच्या मागून शेंबडी आली, त्याच दगडावर चढली, आणि तिनेही इवलंसं टाकलं. नंतर दोघी पाण्यात गेल्या. शेंबडी आपणहून गेली. डॉक्टरीणबाईंनी त्या माणसांना चहा दिला आणि गाडी रिकामी परत पाठवली. मी इतकी रडले की त्या माणसांना वाटलं, पिल्लू पेटीतून गेलं नाही म्हणूनच मी रडतेय!

आता तुझ्या प्रश्नाचं. मला आठवत नाही, मामा. खूप प्रयत्न केला. स्वेटर आठवत नाही आणि शिट्टीही आठवत नाही, आठवतं ते सगळं तुमचं सांगितलेलं.

पण पाकीट फोडलं तेव्हाचं सांगते. तुझी शिट्टी मामीच्या कपाटात राहिली होती ना? तिला तुझ्या लाखेचा वास होता, आणि त्याच्याखाली मामीच्या कपाटाचा. बाहेर गाडी उभी होती, माणसं खोळंबली होती, आणि मी खाद्याच्या खोलीत कपाटामागे उभी राहून ती शिट्टी नाकाला लावून हुंगत होते. वाजवायची मला आठवणच राहिली नाही. शेवटी डॉक्टरीणबाई आत येऊन म्हणाल्या, "काय झालं?"

मी म्हटलं, सर्दी झालीय.

तुझी
चिचुंद्री